सही एकाची, हात दुसऱ्याचा!

वैजापुरातील एका नव्या वस्तीत एका गृहस्थाने घर बांधले. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला आणि घरात विजेच्या तारा फिरविण्याची वेळ आली. गवंड्याने आपल्या ओळखीचा एक मुलगा आणून उभा केला. वय विशीच्या आतबाहेर, खिशात टेस्टर, हातात पक्कड, आणि बोलण्यात काम येणाऱ्या माणसाचा भरवसा. चार दिवसांत तारा ओवून झाल्या, बोर्ड बसले, गृहस्थ संतुष्ट झाला. पुढे मीटरसाठी अर्ज करावयाचा तर परवानाधारक ठेकेदाराचा ‘टेस्ट रिपोर्ट’ पाहिजे असे कळले. मुलगा म्हणाला, “काका, त्याची काळजी तुम्ही करू नका; कागद मी आणून देतो.” दुसऱ्या दिवशी कागद आला. त्यावर शिक्का होता, सही होती, अर्थिंग तपासल्याची नोंदही होती. मात्र ज्याची सही होती त्याने ते घर कधी पाहिले नव्हते. आणि ज्याने भिंत फोडून तार ओवली होती त्याचे नाव त्या कागदावर कोठेही नव्हते.

हे चित्र कोणा एका घराचे नव्हे, व कोणा एका ठेकेदारास दोष देण्याकरिता आम्ही ते काढलेले नाही. परंतु ते वाचून ज्यास आपल्या स्वतःच्या घराची आठवण होणार नाही असा वाचक या तालुक्यात विरळाच निघेल. सही एकाची आणि हात दुसऱ्याचा, ही रीत आमच्या अंगवळणी पडून गेली आहे. तीत ठेकेदारास चार पैसे मिळतात, मुलास काम मिळते, घरमालकास मीटर मिळते आणि कचेरीस कागद मिळतो. चौघेही आपापल्या परीने तृप्त! अतृप्त राहतो तो एकटा कायदा. आणि पावसाळ्याच्या दिवसांत घरातली बाई ओल्या हाताने पाण्याच्या मोटारीस स्पर्श करते, तेव्हा या चौघांच्या तृप्तीची किंमत तिला द्यावी लागते. या रीतीचा शेवट कसा करावा, आणि तो करताना त्या मुलाच्या तोंडचा घास कसा न काढावा, याचा विचार करणे हे आजच्या लेखाचे प्रयोजन होय.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कायदा याविषयी मुका आहे असे कोणी समजू नये. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या सुरक्षाविषयक विनियमांतील २९ व्या विनियमाने, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनी एकच गोष्ट सांगितली आहे. दिवा, पंखा, बटण किंवा फ्यूज बदलणे अशी किरकोळ कामे सोडली, तर ग्राहकाच्या जागेतील विजेच्या जोडणीचे काम तीन अटी पुऱ्या झाल्याखेरीज करता येत नाही. काम घेणारा ठेकेदार राज्य शासनाचा परवानाधारक असला पाहिजे; कामावर प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्याजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे; आणि ज्याच्या हातून काम होते त्या तारतंत्र्याजवळ त्याचा स्वतःचा परवाना असला पाहिजे. म्हणजे डोके, डोळा आणि हात या तिघांचीही योग्यता कायद्याने मागितली आहे. आम्ही व्यवहारात या तिघांच्या जागी एक रबरी शिक्का आणून बसविला!

आम्ही वकिलीच्या धंद्यातील असल्यामुळे आम्हांस यातील एक गोष्ट विशेष खुपते. न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून साक्षीदाराने न्यायालयात सांगितली तर आपण त्यास खोटा साक्षीदार म्हणतो, आणि गावही त्यास नावे ठेवते. मग न पाहिलेले घर तपासले म्हणून जो लिहून देतो तो कोण? टेस्ट रिपोर्ट ही देखील एक साक्षच आहे. फरक इतकाच की न्यायालयातील खोट्या साक्षीने एखाद्याची जमीन जाते, आणि या साक्षीने एखाद्याचा जीव जातो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाप्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. सही विकणाऱ्यांनी हे कलम एकदा स्वस्थपणे वाचून पाहावे, असे आम्ही त्यांस मित्रभावाने सुचवितो.

कोणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या गोष्टीचा हा बाऊ कशास? त्यांस आम्ही विचारतो, की अलीकडच्या वर्षांत या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून दिसणारी गोष्ट एवढी तेवढी आहे काय? एखाद्या साथीने इतकी माणसे मेली असती तर आम्ही गावोगाव सभा भरविल्या असत्या. पण विजेने मेलेला माणूस आपल्या नशिबाने मेला असे म्हणून आम्ही मोकळे होतो. वस्तुतः यात नशिबाचा भाग थोडा आणि अज्ञानाचा भाग फार.

हे अज्ञान कसले ते एका उदाहरणाने सांगतो. साठ वॉटचा साधा दिवा पेटतो तेव्हा त्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर इतका प्रवाह वाहतो. माणसाच्या छातीतून याच्या काही हिश्श्याइतका प्रवाह गेला तरी हृदयाची गती बिघडून तो मरू शकतो. फ्यूज किंवा एमसीबी इतक्या अल्प प्रवाहाने तुटत नाही; कारण ती तारेच्या रक्षणाकरिता आहे, माणसाच्या नव्हे. माणसाच्या रक्षणाकरिता गळती ओळखणारे निराळे उपकरण लागते. ते ३० मिलिअँपिअरवर, म्हणजे त्या दिव्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याच्या गळतीवर, क्षणार्धात वीज तोडते. तसेच अर्थिंग म्हणजे अंगणात एक सळई ठोकून तिला तार गुंडाळणे नव्हे. जमिनीचा रोध मोजून तो पुरेसा कमी आहे की नाही हे पाहिल्यावाचून ते अर्थिंग होत नाही, आणि आमच्या कोरड्या मुरमाड जमिनीत तर मुळीच होत नाही. दिवा लागला म्हणजे काम झाले, असे ज्यास वाटते त्यास तार ओढता येते, पण वीज कळत नाही. दिवा चुकीच्या जोडणीनेही लागतो. हीच तर या विद्येतील मोठी फसगत आहे.

शहरापेक्षा शिवारातील स्थिती अधिक बिकट. आमचा तालुका गोदावरीच्या काठी असूनही अवर्षणाचा. कापूस, मका, कांदा यांपैकी काहीही घ्यावयाचे तर विहीर आणि तिच्यावरील मोटार हाच शेतकऱ्याचा जीव. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कित्येकदा रात्री. अशा रात्री डीपीवरचा फ्यूज उडाला, की शेतकरी अधिकृत वायरमनची वाट पाहत बसत नाही. कारण वाट पाहिली तर पाळी निघून जाते आणि पीक वाळते. तो वाळक्या लाकडाची काठी घेऊन स्वतःच निघतो. पायाखाली ओल, हातात विजेरी, आणि मनात उद्याच्या पाण्याची चिंता. या माणसास ‘तू अडाणी आहेस’ असे सांगणे हा अडाणीपणा होय. त्याला हवा आहे तो हाकेच्या अंतरावर राहणारा, शिकलेला आणि परवाना असलेला माणूस. २०१६ साली राज्य शासनाने लहान गावांकरिता ग्रामविद्युत व्यवस्थापकाची योजना काढली तेव्हा तिच्या मुळाशी हाच विचार होता. विचार चांगला होता. पण चांगला विचार कागदावरून बांधावर येईपर्यंत किती पावसाळे जावेत यास काही मर्यादा असावी.

आता त्या मुलाकडे वळू. या लेखाचा रोख त्याच्यावर आहे असे कोणास वाटत असेल तर तो गैरसमज आहे. तो कोण आहे? बहुधा आठवी-दहावीनंतर शाळा सुटलेला, घरी दोन एकर कोरडवाहू, वडील दुसऱ्याच्या शेतावर, आणि एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली तारा ओढता ओढता जे दिसले ते उचललेला. त्यास कोणी शिकविले नाही; तो पाहून शिकला. एकलव्यासही कोणी शिकविले नव्हते. पण त्याचा अंगठा मागणाऱ्या गुरूस आपण आजवर दोष देत आलो, आणि स्वतः तेच करीत आहो. या मुलाच्या अंगठ्याची कमाई आम्ही वापरतो. त्याची सही मात्र आम्हांस चालत नाही, ती आम्ही दुसऱ्याची आणतो. काम बिघडले तर दोष त्याचा, काम साधले तर नाव ठेकेदाराचे. ज्याच्या हातात आपण आपले घर आणि लेकरे सोपवितो, त्याला विद्या देण्याची आणि विद्या आहे असे म्हणण्याची जबाबदारी आपली नाही काय?

विद्या देण्याची सोय नाही असेही नाही. या बाबतीत आमच्या वडीलधाऱ्या पिढ्यांनी हात जोडून बसणे पत्करले नव्हते. मुंबईस १८८७ साली तंत्रशिक्षणाची मोठी संस्था निघाली. तीच पुढे वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. बडोद्यास १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले व यंत्रविद्या देशी भाषेतून शिकविण्याचा प्रयोग केला. स्वदेशीच्या चळवळीत तर लोकांनी एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावास पैसाफंडाचा काचकारखाना उभारला, तो काच विकण्याइतकाच काच करणारे हात तयार करण्यासाठी. त्या लोकांस हे उमगले होते, की परदेशी मालावर बहिष्कार घालणे सोपे असते. स्वदेशी माल करणारा कारागीर घडविणे हे खरे काम होय. आम्ही मराठवाड्यातील लोक त्या काळी निजामाच्या अमलाखाली होतो, व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिलो. त्यामुळे हा वारा आमच्याकडे उशिरा आला. औरंगाबादेस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले ते १९६० साली.

पण तेव्हाचे गाऱ्हाणे आज सांगत बसण्यात अर्थ नाही. १९५० साली केंद्र शासनाने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि आज तालुक्या-तालुक्यांतून शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, वैजापुरासही आहे. वीजतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावी झालेल्यास, व तारतंत्री हा तितक्याच मुदतीचा अभ्यासक्रम आठवी झालेल्यास खुला आहे. तो पुरा करून शिकाऊ उमेदवारी केली म्हणजे राष्ट्रीय पातळीवर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते. ज्यांनी संस्था पाहिली नाही त्यांच्यासाठी राज्याच्या अनुज्ञापन मंडळाच्या परीक्षा आहेत. इतकेच नव्हे, तर कामावर राहून कमावलेल्या कौशल्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची तरतूद २०१५ साली निघालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. विहीर आहे, दोर आहे, पोहराही आहे. तरी माणूस तहानलेला आहे. कारण दोर पोहऱ्यास बांधण्याचे काम कोणीच केलेले नाही. दिवसभर मजुरी करणाऱ्या मुलास दोन वर्षे दिवसा वर्गात बसणे परवडत नाही. परीक्षेचा अर्ज कोठे मिळतो हे त्यास ठाऊक नाही. आणि एका योजनेतून मिळालेले प्रमाणपत्र दुसऱ्या खात्याच्या परवान्यास उपयोगी पडेल याची शाश्वती नाही.

याहून खोल असे एक कारण आहे, आणि ते बोलून दाखविणे सुधारणेचा कैवार घेणाऱ्या पत्राचे कर्तव्य आहे. हातांनी काम करणारा तो खालचा, आणि लेखणीने काम करणारा तो वरचा, ही समजूत आमच्या हाडांत मुरलेली आहे. जातिभेदाने कारागिरास गावकुसाच्या आसपास ठेवले; त्याची विद्या बापाकडून मुलाकडे गेली, ग्रंथात कधी आली नाही, आणि ग्रंथ वाचणाऱ्याने पक्कड कधी हातात धरली नाही. त्याचे फळ आज असे, की पदवी घेतलेला मुलगा दहा वर्षे नोकरीची वाट पाहील, पण ‘वायरमन’ म्हणवून घेण्यास लाजेल. आणि सुशिक्षित बाप आपल्या मुलास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाठवील तो त्याचे सर्व उपाय हरल्यावर. मुलीचा तर प्रश्नच कोणी काढीत नाही. वीजमापकाची नोंद करणे, घरातील तारांची तपासणी, सौरफलकांची जोडणी यांत मनगटाच्या जोरापेक्षा सावधपणा अधिक लागतो, आणि तो मुलींस कमी असतो असे म्हणण्याचे धाडस निदान आम्ही करणार नाही.

विजेइतकाच विचार गॅसचा केला पाहिजे. कारण त्याची वेळ आता येत आहे. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ च्या ऑक्टोबरात लागले. पण आमच्या स्वयंपाकघरांत सिलिंडर घरोघर पोहोचला तो अलीकडे, आणि गरिबाच्या घरी तर मे २०१६ मध्ये निघालेल्या उज्ज्वला योजनेनंतर. आता नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूची पाळी आहे. २०१८ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व औरंगाबाद या दोन जिल्ह्यांचे वितरणक्षेत्र एका सार्वजनिक तेलकंपनीकडे देण्यात आले. आज ना उद्या ही नळी तालुक्याच्या गावी येईल. ती येईल तेव्हा ती जोडणारा हात कोणाचा असेल?

हा प्रश्न पोकळ नाही. सिलिंडरातील वायू हवेपेक्षा दीडपट-दुपटीने जड असतो; तो गळला तर जमिनीसरसा पसरून खाली साचतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेच्या निम्म्याहून थोडा अधिक वजनाचा, म्हणजे हलका. तो गळला तर छताकडे जातो. एकास खाली झरोका हवा, दुसऱ्यास वर. ज्याने आयुष्यभर सिलिंडर जोडले तो मनुष्य कितीही प्रामाणिक असला तरी, हा भेद त्यास कोणी शिकविला नसेल तर नव्या घरात जुन्याच समजुतीने वागेल. बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गीझर हे दुसरे उदाहरण. तेथे ज्योत व्यवस्थित दिसते, वासही येत नाही, आणि अपुऱ्या हवेत तयार झालेल्या विषारी वायूने स्नान करणारा मनुष्य निपचित पडतो. या गोष्टी अनुभवाने शिकावयाच्या नसतात. कारण तो अनुभव सांगण्यास मनुष्य कित्येकदा उरत नाही.

ज्या इंग्लंडची आम्ही नको त्या गोष्टींत नक्कल केली, त्याची एक घेण्याजोगी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १६ मे १९६८ रोजी पहाटे लंडनमधील रोनन पॉइंट या बावीस मजली नव्या इमारतीत एका बाईने चहासाठी काडी ओढली. गळलेल्या गॅसचा स्फोट होऊन इमारतीचा एक कोपराच्या कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. इमारतीची बांधणी कच्ची होती हे खरे. पण गॅस गळला तो शेगडीची नळी जोडणाऱ्या एका सदोष पितळी नटामुळे, असे चौकशीत निघाले. एक नट! त्या लोकांनी दैवास दोष दिला नाही. १९७० साली गॅसचे काम करणाऱ्यांची नोंदवही निघाली, १९९१ साली ती सक्तीची झाली, आणि २००९ पासून नव्या व्यवस्थेखाली ती चालू आहे. तेथे गॅसचे काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ त्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते, आणि कोणकोणत्या प्रकारचे काम करण्यास तो पात्र आहे हे त्याच्या पाठीवर लिहिलेले असते. शेगडीस पात्र असलेला मनुष्य गीझरास हात लावू शकत नाही. दार उघडणारी गृहिणी प्रथम ते पत्र पाहते, मग त्यास घरात घेते. यात त्या मनुष्याचा अपमान नाही. उलट त्याची प्रतिष्ठा आहे.

आता आमच्या सूचनेवर जे आक्षेप येतील त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप गरिबीचा: परवाना असलेला मनुष्य अधिक मजुरी मागेल, ती गरिबाने कोठून द्यावी? यास उत्तर असे, की गरीब आजही दोनदा पैसे देतो; एकदा मुलास कामाचे आणि एकदा ठेकेदारास सहीचे. सहीचे पैसे हातास मिळाले तर घरमालकाचे काही अधिक जात नाही. दुसरा आक्षेप लाचेचा: आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक टेबल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही नवा परवाना मागत नाही. आहे तोच परवाना ज्याचा हात त्याच्या खिशात असावा, एवढेच आमचे म्हणणे. लाच फोफावते ती जेथे कागद आणि काम यांची फारकत झालेली असते तेथे. तिसरा आक्षेप असा, की मुलास शिकविले की तो गाव सोडून वाळूजला, शेंद्र्याला किंवा थेट परदेशी जाईल. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठविण्याचा करार केलाच आहे. जावो बापडा! अशिक्षित मजूर म्हणून मुंबईस जाण्यापेक्षा तंत्रज्ञ म्हणून जर्मनीस जाणे वाईट कसे? आणि समृद्धी महामार्ग ज्या तालुक्यातून गेला, ज्याच्या शेतांत सौरपंप आणि घरांवर सौरफलक बसत आहेत, तेथे शिकलेल्या हातास काम मिळणार नाही असेही नाही. सौरफलकांच्या ओळीतून शेकडो व्होल्टचा एकदिश प्रवाह येतो, आणि सूर्य असेपर्यंत तो बटणाने विझत नाही. या कामास तर जुना अनुभवी वायरमनही पुन्हा शिकल्यावाचून पात्र होत नाही.

तेव्हा करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी ताबडतोब करण्याजोग्या आहेत, आणि त्यांतील एकीसही दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

पहिली: तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, कामावर असलेल्या मुलांसाठी सायंकाळचा वर्ग निघावा. यंत्रे आहेत, शिक्षक आहेत, इमारत सायंकाळी रिकामी असते. शिकविणे मराठीतून व्हावे आणि परीक्षा मुख्यतः हाताची असावी; ज्यास लिहिता कमी येते पण रोध मोजता येतो त्यास नापास करू नये.

दुसरी: कौशल्याच्या पारखीतून मिळणारे प्रमाणपत्र आणि अनुज्ञापन मंडळाचा परवाना यांचा सांधा राज्य शासनाने जुळवून द्यावा. अनुभवाची वर्षे, सायंकाळच्या वर्गाची हजेरी आणि हाताची परीक्षा, या तीन पायऱ्या चढणाऱ्यास परवाना मिळालाच पाहिजे.

तिसरी: टेस्ट रिपोर्टावर ठेकेदाराच्या सहीबरोबर, काम केलेल्या तारतंत्र्याचे नाव व परवान्याचा क्रमांक, तपासणीची तारीख आणि अर्थिंगचा मोजलेला आकडा असल्याखेरीज तो स्वीकारू नये. शंभरांतून पाच घरे जरी विद्युत निरीक्षकाने अचानक जाऊन पाहिली, तरी उरलेल्या पंचाण्णवांच्या सह्या आपोआप खऱ्या होतील.

चौथी: नगरपरिषदेत व प्रत्येक ग्रामपंचायतीत परवाना असलेल्या वीज व गॅस तंत्रज्ञांची यादी, छायाचित्र आणि कामाचा प्रकार यांसह, भिंतीवर लावावी. गॅसची पात्रता विजेपासून वेगळी धरावी, सिलिंडराची नळापासून वेगळी धरावी, आणि दर पाच वर्षांनी ती पुन्हा तपासावी. शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदला म्हणून आपण गृहिणीस सांगतो. नळी जोडणाऱ्याची विद्या मात्र जन्मभर ताजी राहते असे का समजावे?

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, गोष्ट लोकांनी करावयाची आहे. घरात वीज किंवा गॅसचे काम करण्यास येणाऱ्यास प्रथम परवाना विचारावा. नसेल तर त्यास हाकलून देऊ नये. त्याच्या परीक्षेची फी भरण्यास हातभार लावावा. गावच्या गणेशमंडळांनी वर्गणीतून दरसाल गावातील दोन मुलांची फी दिली, तर मांडवातील दिवेही सुरक्षित राहतील आणि दोन घरे मार्गास लागतील. एकेका पैशाने ज्यांनी कारखाना उभा केला त्यांच्या वंशजांस हे अशक्य वाटण्याचे कारण नाही.

स्वराज्य म्हणजे केवळ आपला झेंडा आणि आपला कायदेमंडळातील प्रतिनिधी नव्हे. आपल्या घरातील दिवा कोणी लावला, तो शिकलेला होता काय, आणि त्याने केलेल्या कामावर त्याचे स्वतःचे नाव होते काय, या प्रश्नांस ज्या देशातील साध्या मनुष्यास निःशंकपणे ‘होय’ म्हणता येते, त्या देशातील स्वराज्य घरापर्यंत पोहोचले असे म्हणावे. वैजापुरात ते अद्याप उंबरठ्यापाशी अडले आहे. त्यास आत घेण्याकरिता मोठा पराक्रम करावयाचा नाही. उद्या सकाळी जो मुलगा पक्कड घेऊन तुमच्या दारी येईल, त्यास पाणी द्या, त्याचे नाव विचारा, आणि म्हणा, “बाळा, काम तू कर, पण सहीही तुझीच हवी.”